भीमा पेपरचा वांधा

"हे भांडण कधी मिटणार?" अप्पांनी विचारलं.

"भांडण नाहीये ते, अप्पा. व्यवहार चाललाय."

"अगं, तो माणूस दुसऱ्याची कॉलर धरून ओढतोय!"

"त्याला शेअर घ्यायचे असतील."

अप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू कॉलर मीच धरली होती. आम्ही दोघं शेअर बाजाराच्या वरच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे होतो आणि खाली शे-दोनशे पुरुष हात वर करून एकाच वेळी ओरडत होते. ही गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची. आता सौदे गुपचूप कॉम्प्युटरवर होतात, तेव्हा ते घशाच्या जोरावर होत. त्या ओरडणाऱ्यांत माझं लग्न ज्याच्याशी व्हायचं होतं, किंवा मोडायचं होतं, तो मोरेश्वर राऊत उभा होता. त्याला बघायला म्हणून मी अप्पांना पेणहून आणलं होतं, आणि अर्ध्या तासात मला या उद्योगाचा पुरेपूर पश्चात्ताप झाला होता.

अप्पा म्हणजे माझे वडील, दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झालेले. सगळी हयात दस्त नोंदवण्यात गेली. दोन पक्ष समोर हवेत, दोन साक्षीदार हवेत, अंगठा नाहीतर सही हवी, आणि वर शिक्का. यातलं एक जरी कमी असलं तरी त्यांच्या लेखी ती गोष्ट जगात घडलेलीच नसे. घरातही तोच कारभार. दूधवाल्यानं महिन्याचे पैसे घेतले की पोचपावतीवर सही करायची. तो बिचारा सही करायला आमच्याकडेच शिकला.

"कंपनीचा माणूस कुठला यात?" अप्पांनी खाली बोट दाखवलं.

"कंपनीचा कोणीच नाही. कंपनीनं आपले शेअर लोकांना एकदाच विकले. ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना विकायचे असतात, दुसऱ्यांना घ्यायचे असतात. तुम्ही पेणला बसून एकट्यानं गिऱ्हाईक कुठं शोधणार? म्हणून हा बाजार. तुम्ही दलालाला सांगायचं, त्याचा माणूस इथं येऊन ओरडणार."

"म्हणजे कंपनीला यातून दमडी मिळत नाही."

"नाही."

"मग तिच्या नावानं एवढा शंख कशाला?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मला हे सगळं मोरेश्वरनं शिकवलं होतं. तो केळव्याचा, वाडवळाचा मुलगा, वडिलांचा पानमळा. मी फोर्टात एका विमा कंपनीत टायपिस्ट होते आणि दुपारी जिथं डबा खायला बसत असे, तिथं हा घसा बसलेला माणूस रोज ताक प्यायला येई. दोन वर्षं मी त्याच्याकडून बाजार समजून घेत होते. तेवढ्यात आम्ही लग्नाचंही ठरवून टाकलं होतं, अर्थात तोंडी.

"तुझा राऊत कोणता?"

"तो, निळ्या शर्टाचा. त्या खांबापाशी. भीमा पेपरचे सौदे तिथं होतात. तो दिवसभर तिथंच उभा असतो, आणि कोणीही विचारलं की दोन भाव सांगतो. एक्केचाळीसला घेईन, बेचाळीसला देईन."

"एकाच वस्तूचे दोन भाव? ही तर उघड उघड लबाडी झाली."

"अप्पा, भाजीवाली नाही का, वाडीतून एका भावानं घेते आणि आपल्याला दुसऱ्या भावानं देते? मधला रुपया ही त्याची कमाई. विचारणारा घेणारा आहे की विकणारा, हे त्याला आधी कळत नाही. म्हणून दोन्ही भाव सरळच सांगावे लागतात. आणि तो तिथं उभा असतो म्हणून घाईच्या माणसाला गिऱ्हाइकाची वाट बघावी लागत नाही."

"त्याच्याकडे ते शेअर आहेत का?"

"आत्ता नसतील. बाजार बंद व्हायच्या आत तो जितके विकले तितके परत घेतो. संध्याकाळी घेतलेले आणि दिलेले सारखे झाले पाहिजेत."

"नसलेली वस्तू विकतो," अप्पा हळूच म्हणाले, आणि मग कारकुनाला मजकूर सांगावा तसं पुन्हा एकदा, "नसलेली वस्तू विकतो. आणि हे लिहून कोण घेतं?"

"तो त्याच्या चिठ्ठीवर लिहितो, समोरचा त्याच्या चिठ्ठीवर. बस्स."

"सही?"

"नाही."

"साक्षीदार?"

"नाही, अप्पा."

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

त्यांनी येतानाच एक अट घातली होती आणि ती मी इथं सांगून टाकते, कारण माझा सगळा जीव त्या अटीला टांगलेला होता. जावई सट्टेबाज असो की संन्यासी, डोक्यावर स्वतःचं छप्पर असेल तरच मुलगी देईन. मोरेश्वरनं भाईंदरला एक खोली-स्वयंपाकघर ठरवलं होतं. शनिवारी बिल्डरचा मोठा हप्ता भरायचा होता. तो चुकला तर जागा दुसऱ्याला जाणार होती, कारण दुसरा रोज येऊन जिन्यात उभा राहत होता. हप्ता भरल्याची पावती दाखवा, त्याच दिवशी तारीख काढतो, असं अप्पा म्हणाले होते. अप्पांना पावतीशिवाय दुसरं काय सुचणार!

बाजार बंद व्हायची वेळ जवळ येत होती, तशी खाली रेटारेटी वाढली. एक ठेंगणा, टकलू माणूस गर्दीतून वाट काढत मोरेश्वरपाशी आला. तो नवीनभाई, हे मला माहीत होतं. मोरेश्वरच्या बोलण्यात त्याचं नाव रोज असे. नवीनभाईनं तळवा स्वतःकडे वळवून पाच बोटं हलवली, म्हणजे घेतो, पाचशे. मोरेश्वरनं तळवा त्याच्याकडे केला आणि मान हलवली, म्हणजे दिले. वरून मला शब्द एकही ऐकू आला नाही, पण हात स्पष्ट दिसले. नवीनभाई चिठ्ठीवर लिहायला लागला. मोरेश्वरनंही कानावरची पेन्सिल काढली. इतक्यात मागून तिसऱ्याच कोणीतरी भाव विचारण्यासाठी त्याच्या शर्टाला हात घालून त्याला मागं खेचलं.

"मारतायत त्याला!" अप्पा ओरडले. मी अडवेपर्यंत ते कठड्यावर अर्धे ओणवे झाले होते आणि मिटलेली छत्री फिरवत होते. "अहो राऊत! राऊत! पोलिसांना बोलावू का?"

गॅलरीतला पहारेकरी धावत आला. खालचे चार-सहा जण वर बघून हसायला लागले. मोरेश्वरनं वर पाहिलं, लाजला, हात हलवून काही नाही, काही नाही असं सांगितलं आणि त्या तिसऱ्या माणसाकडे वळला. पेन्सिल परत कानावर गेली. मला वाटलं, लिहील नंतर. खरं सांगायचं तर तेव्हा मला चिठ्ठीपेक्षा अप्पांना खाली कसं न्यावं याची चिंता जास्त होती.

त्या संध्याकाळी मोरेश्वर ठाकुरद्वारला माझ्या आत्याकडे जेवायला आला. खुशीत होता. बाजार सुटल्यावर बातमी आली होती की भीमा पेपर एका शेअरवर एक शेअर फुकट देणार. उद्या भाव उसळणार हे उघड होतं.

"मग तुमचा फायदा?" आत्यानं विचारलं.

"फायदा नाही आणि तोटाही नाही, आत्या. मी बंद होताना सगळं सारखं करून निघालो. जितके घेतले तितके दिले."

"हे तुम्ही कशावरून सांगता?" अप्पांनी विचारलं.

"चिठ्ठीवरून," मोरेश्वर म्हणाला. अप्पांना त्याचं हे पहिलंच उत्तर आवडलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रजा टाकली. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता कागद ओढून घेतला. अप्पांना दुपारच्या गाडीनं पेणला जायचं होतं, पण त्याआधी राऊतांना चार गोष्टी तोंडावर विचारायच्या होत्या. म्हणून आम्ही तिघं बाजाराच्या गल्लीत, चहावाल्यापाशी उभे होतो. घंटा व्हायला अवकाश होता. आसपासचे लोक घोळक्यानं उभे राहून भीमा पेपरबद्दलच बोलत होते, आणि जो तो अठ्ठावन्नचा भाव सांगत होता.

नवीनभाई घोळक्यातून आमच्याकडे आला. त्याच्या हातात कालची चिठ्ठी होती.

"मोरूभाय, एक वांधा हाय."

वांधा हा बाजारातला रोजचा शब्द. रात्री दोन्हीकडचे कारकून चिठ्ठ्या ताडून बघत. एकाकडे सौदा लिहिलेला आणि दुसऱ्याकडे नाही, असं निघालं की तो झाला वांधा, आणि सकाळी घंटेच्या आत ज्याचा त्यानं समोरासमोर उभं राहून तो मिटवायचा.

"काल बंद होताना तू मला पाचशे भीमा दिला. बेतालीसमधी," नवीनभाई म्हणाला. "तुझ्या शेठकडे नोंदच नाय म्हणतात."

मोरेश्वरनं खिशातली चिठ्ठी काढून पाहिली. उलटीकडूनही पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला आणि मी मनात हिशोब मांडला. सौदा झाला असेल तर त्याला नवीनभाईला पाचशे शेअर बेचाळीसनं द्यायचे होते, आणि द्यायला ते आज अठ्ठावन्ननं विकत घ्यायचे होते. आठ हजारांचा खड्डा. कार्ड, म्हणजे सौदे करायचा परवाना, त्याच्या दलाल शेठचं असलं तरी तोटा मोरेश्वरचा. आठ हजार म्हणजे शनिवारचा हप्ता गेला, भाईंदरची जागा गेली, आणि अप्पांची अट माझ्या मानेवर बसली.

"माझ्याकडे नाही, नवीनभाई," मोरेश्वर म्हणाला. "आणि मला आठवतही नाही. शेवटी शेवटी फार गर्दी झाली."

"संपलं तर मग!" अप्पा मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कचेरीतला झाला. "लेखी नाही, सही नाही, साक्षीदार नाही. राऊत, तुम्ही साफ नाकारा. अहो, कुठल्याही कोर्टात हा दावा उभा राहणार नाही."

नवीनभाईनं अप्पांकडे शांतपणे पाहिलं. "काका, कोर्टात जायला टाइम कोणाला हाय? माणूस नाय बोलला तर नाय. पण मग उद्यापासून त्याच्याशी सौदा कोण करेल?" मग तो मोरेश्वरकडे वळला. "मोरूभाय, तू खोटा बोलणारा नाय, मी पण नाय. आठवत नसेल तर रिवाज हाय, आधा-आधा करू. चार तुझा, चार माझा."

मी मनातल्या मनात त्या टकलू माणसाला साष्टांग नमस्कार घातला. चार हजार गेले असते तर ओढाताण करून हप्ता भागत होता. माझ्या बांगड्या होत्या, आत्याकडून थोडे मिळाले असते. आणि यात खोटं काहीच नव्हतं. मोरेश्वरला खरोखरच आठवत नव्हतं. रिवाज होता, समोरचा स्वतःहून देत होता. आता यानं फक्त हो म्हणायचं होतं. एक अक्षर!

मोरेश्वर म्हणाला, "थांबा. ही काल वरून बघत होती."

मला त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. दोन वर्षं मी याच्यासाठी घरी भांडले, आलेली तीन स्थळं परतवली, काल दिवसभर अप्पांच्या प्रश्नांना तोंड दिलं, आणि आता हा गल्लीच्या मधोमध उभा राहून मलाच विचारतोय!

"वृंदा, तुला हातांच्या खुणा कळतात," तो म्हणाला. "नवीनभाईंना मी दिले का?"

"तिची साक्ष चालणार नाही," अप्पा घाईनं म्हणाले. "ती हितसंबंधी आहे. वृंदे, तू बोलू नकोस."

"बेन बोलेल ते मला मंजूर," नवीनभाई म्हणाला.

आता तिघंही माझ्याकडे बघत होते. मला नाही म्हणता आलं असतं, किंवा नीट दिसलं नाही म्हणता आलं असतं, आणि त्यावर कोणी एक शब्दही काढला नसता. मोरेश्वरनं तर माझं म्हणणं जसंच्या तसं घेतलं असतं आणि जन्मभर तेच खरं मानून चालला असता. त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. इतका विश्वास टाकायला या माणसाला कोणी सांगितलं होतं? भाईंदरच्या त्या खोलीत खिडकीखाली ओटा होता. मी तिथं जाऊन पाहून आले होते, पडद्याचं मापही घेतलं होतं.

"झाला सौदा," मी म्हणाले. माझा आवाज भांडल्यासारखा निघाला. "त्यांनी पाचशे मागितले, तू दिलेस. मान हलवलीस. पेन्सिल काढलीस, तेवढ्यात कोणीतरी तुझा शर्ट ओढला आणि अप्पा वरून छत्री फिरवायला लागले. तू वर बघितलंस आणि लिहायचं राहिलं. झालं समाधान?"

आणि मोरेश्वरचं खरंच समाधान झालं! त्यानं मोठा श्वास सोडला, हरवलेली किल्ली सापडावी तसा त्याचा चेहरा मोकळा झाला. "दिले, नवीनभाई," तो म्हणाला. "वांधा पूर्ण माझा. घंटा झाली की घेऊन देतो." बोलून झाल्यावर बहुधा त्याला भाईंदर आठवलं, कारण तो माझ्याकडे बघेना.

मी अप्पांकडे वळले. अट त्यांची होती, आता बोलून टाका म्हणावं, एकदाचा निकाल लागू दे. पण अप्पा हातातल्या छत्रीकडे बघत उभे होते.

"वृंदे," ते म्हणाले, "मी छत्री हलवली तेव्हा त्याची पेन्सिल हातात होती? नक्की?"

"हातात होती."

"चिठ्ठीवर टेकवली होती?"

"टेकवणारच होता, अप्पा! आता आणखी किती उलटतपासणी करणार आहात?"

अप्पांनी घसा साफ केला. मग नवीनभाईसमोर जाऊन ताठ उभे राहिले. "मघाशी तुम्ही रिवाज सांगितलात, निम्मं-निम्मं. तो अजून लागू आहे का?"

"काका, आता कसा? बेन बोलली नी, सौदा पक्का."

"तुम्ही काही देऊ नका हो. तुमचा काय दोष? नोंद माझ्यामुळे राहिली. यातलं निम्मं नुकसान माझं." आणि मोरेश्वरला म्हणाले, "चार हजार पेणच्या पोस्टात आहेत. शुक्रवारपर्यंत आणून देतो. हप्ता शनिवारी आहे ना?"

मोरेश्वरच्या तोंडून शब्द फुटले ते नको ते. "नाही अप्पासाहेब, असं कसं चालेल? तुम्ही मोठे आहात, तुमच्याकडून मी..."

"मोठा आहे म्हणूनच."

"पण हा माझा धंदा आहे. नुकसान माझं मीच..."

"अरे, घे ना!" मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा माझे वडील कागदाशिवाय पैसे देत होते आणि याला मानपान सुचत होतं.

नवीनभाईनंही नकारार्थी मान हलवली. तो बोलला ते भल्यासाठीच बोलला, पण माझा हप्ता मात्र पुन्हा बुडायला लागला. "काका, तुमचं मन मोठं. पण बजारात तसा चालत नाय. बजारचा वांधा बजारवाले मिटवतात, नाय तर त्याच्या घरचे भरतात. बाहेरच्या माणसाकडून मोरूभाय पैसा घेईल तर उद्या लोक बोलतील, कोणाकडून पण आणतो."

"बाहेरचा?" अप्पांचा आवाज चढला. चहावाल्यानं किटली खाली ठेवली. "बाहेरचा कोणाला म्हणता तुम्ही? मी सासरा आहे याचा!"

गल्लीतले चार लोक वळून बघायला लागले. आपण काय बोललो हे अप्पांना बोलून झाल्यावर कळलं असावं, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मोरेश्वरकडे, आणि मग छत्री काखेत घट्ट धरून चहाचा कप उचलला. त्यात चहा नव्हता. तरी प्यायले.

"ससरा हाय तर मग चालेल," नवीनभाई म्हणाला. "घरचा वांधा."

एवढ्यात आत घंटा झाली. घोळकेच्या घोळके धक्के मारत दाराकडे पळाले. नवीनभाईही पळाला. मोरेश्वर मात्र जागच्या जागी उभा होता, डोळे भरलेले, आणि अप्पांच्या पायांशी वाकू की नको या विचारात अर्धा वाकलेला. आतून भीमा पेपरचा साठचा पुकारा ऐकू आला.

"नमस्कार नंतर कर!" मी त्याला दाराकडे ढकललं. "आधी आत जा आणि पाचशे घे! भाव वाढतोय!"